दगडाची दक्षिण कड

आमच्या घरात माणसं चार आणि बाकी सगळा मंडप. माजघरात कनातींच्या घड्या आढ्यापर्यंत गेलेल्या, ओसरीवर लोखंडी पाइपांची रास, मोरीच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या पंगतीच्या कढया, आणि देव्हाऱ्याच्या शेजारी, देवाइतक्याच मानानं, कापडाखाली झाकलेला अ‍ॅम्प्लिफायर. डोंगरकड्यात आणि आसपासच्या गावांत लग्न, बारसं, सप्ताह, सभा, काहीही असलं की मंडप, बिछायत आणि लाऊडस्पीकर माझ्या वडिलांचा. त्यांना सगळा गाव नाना म्हणायचा आणि मीही. नानांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, नवरा वारल्यापासून आमच्याकडेच होती. लग्नसराईत मंडपाचं कापड परत आलं की ती ते अंगणात पसरायची, डाग साबण लावून काढायची, फाटलेलं शिवायची, आणि कुठल्या वऱ्हाडानं काय जेवलं ते डागांवरून आईला सांगायची. "हे बघ, ह्यांनी आमटीत निस्तं तेलच घातलं व्हतं." आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "वन्सं, तुमाला डागात बी चूल दिसती."

माझ्या लहानपणाचा आवाज कोणता, असं कुणी विचारलं तर मी 'हॅलो, माईक टेस्टिंग' असं सांगेन. नानांचे भागीदार रशीदचाचा ओसरीवर बसून रोज काही ना काही दुरुस्त करत असायचे, आणि दुरुस्त झालं की नाही हे गल्लीला ऐकवल्याशिवाय त्यांना कळत नसे. जनरेटर त्यांच्याच ताब्यात. भारनियमनाच्या त्या वर्षांत गावात वीज किती तास असे यापेक्षा किती तास नसे हे सांगणं सोपं होतं, आणि अंधारात उजेड करून देणं हा आमच्या घराचा धंदा होता. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढची सगळी गोष्ट उजेड बंद करण्याची आहे.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. मी कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि रोज एस.टी.नं ये-जा करत होते. आम्हाला पदार्थविज्ञान शिकवायला लोखंडे सर होते. किडकिडीत, शर्टाच्या खिशाला खडूची पांढरी कड, आणि बोलताना एक हात कायम हवेत. एका सकाळी त्यांनी फळ्यावर एक वेडावाकडा बटाटा काढला आणि म्हणाले, "हा फेब्रुवारीत आपल्या जिल्ह्यात येतोय."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो खडक सूर्याभोवती फिरतात, त्यांना लघुग्रह म्हणतात, एवढं पुस्तकात होतं. हा त्यांतलाच एक. त्याचं परदेशी नाव आणि नंबर सरांनी फळ्यावर लिहिला, पण आमच्या घरी आणि नंतर सगळ्या गावात त्याला 'सरांचा दगड' असंच म्हटलं गेलं, म्हणून मीही तेच म्हणते. तो दगडी जातीचा आहे हे कसं कळलं, तर त्याच्यावरून परतून येणाऱ्या उजेडाचे रंग सुटे करून पाहिले की कुठल्या रंगाचा किती भाग खडकानं गिळला ते कळतं, आणि पृथ्वीवर पडलेल्या काही दगडी उल्कांशी ते ताडून पाहता येतं. तो गोल नाही हे कसं कळलं, तर काही तासांत त्याची चमक वाढते, कमी होते, पुन्हा वाढते. म्हणजे तो स्वतःभोवती फिरतो आहे, आणि कधी रुंद अंग दाखवतो, कधी अरुंद. चमकेवरून त्याची लांबी-रुंदी साठ-सत्तर किलोमीटरच्या घरात असावी असा अंदाज होता. "पण हा अंदाज," सर म्हणाले. "मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही तो एक ठिपकाच दिसतो. ठिपक्याची रुंदी मोजायची कशी?"

त्या 'कशी'नं माझी झोप उडवली. उत्तर असं होतं: फेब्रुवारीतल्या एका ठरलेल्या संध्याकाळी दगड एका ताऱ्याच्या बरोबर समोरून जाणार होता. तारा इतका दूर की त्याचे किरण आपल्यापर्यंत समांतर येतात, त्यामुळे दगडाची जी सावली पृथ्वीवर पडेल ती दगडाएवढीच रुंद असेल. ही सावली सेकंदाला अकरा-एक किलोमीटर वेगानं पश्चिमेकडून पूर्वेकडे, जराशी कलून, आमच्या जिल्ह्यावरून सरकणार होती. सावली ज्याच्या अंगावरून जाईल त्याला तारा विझलेला दिसेल आणि काही सेकंदांनी पुन्हा लागलेला. तेवढे सेकंद मोजायचे, अकरानं गुणायचे, की दगडाची त्या ठिकाणची रुंदी हातात. एका माणसाला एक रेघ मिळते. सावलीच्या वाटेला आडवी, उत्तरेकडून दक्षिणेकडे, ओळीनं माणसं बसवली की रेघांवर रेघा रचून दगडाचा आकार उभा राहतो. कोट्यवधी किलोमीटरवरचा खडक, आणि त्याचं माप घ्यायला गोरेगाव, हिंगोली, कळमनुरी, डोंगरकडा, वसमत! मी घरी येईपर्यंत एस.टी.त उभी होते की बसले होते, मला आठवत नाही.

रात्री जेवताना मी भाकरीचा तुकडा हातात धरून हे सगळं सांगितलं. हरभऱ्याची भाजी होती आणि ती गार होत होती. आईला वाटलं की मला ताप आलाय. नानांना मात्र सावली लगेच समजली. आयुष्यभर त्यांनी हॅलोजन लावले होते.

"म्हंजे फोकससमोरून पाखरू गेलं की पडद्यावर सावली पळती, तसं?"

"बराबर तसंच, नाना."

"आन् त्या पाखराचं माप तुमी पडद्यावर घेणार."

"व्हय."

नानांनी आणखी एक भाकरी घेतली. घरात तेव्हा दोन गोष्टींवरून ताण होता आणि त्या दोन्ही एकच होत्या. मला नांदेडला एम.एस्सी. करायचं होतं, वसतिगृहात राहून. आणि वसमतकडचं एक स्थळ आलं होतं, चांगलं होतं, त्यांना पावसाळ्याआधी उरकायचं होतं. नाना वाईट माणूस नव्हते. पोरगी नांदेडला एकटी राहील हे त्यांच्या डोळ्यांसमोर येतच नसे, इतकंच. त्यांनी हात धुतला आणि म्हणाले, "हे बघ शोभे. तुज्या सरानं सांगितलेल्या टायमाला तारा विझला, तर तू नांदेडला जा. मी सोडून येतो. न्हाई विझला तर वसमतचे पावने बघायला येतील, त्यायला तू न्हाई म्हणायचं न्हाई."

मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं की गणिताला थोडी जागा द्यावी लागते, सावलीचा पट्टा काही किलोमीटर वर-खाली सरकू शकतो आणि आमचं गाव पट्ट्याच्या दक्षिण कडेजवळ आहे. नाना हसले. "मंडपवाल्याला आशी सवलत भेटत न्हाई, बाई. लगीन एका वावरात आन् मंडप शेजारच्या वावरात, चालतं का? आता मागं सरकू नको."

आत्या म्हणाली, "नामदेवा, लेकराच्या जिंदगीची शर्त लावून राहिला का रे तू?"

"शर्त तिच्या सराच्या गणिताची हाय," नाना म्हणाले. मी कबूल केलं. मला वाटतं, त्या वयात मी आकाशाबद्दलची कोणतीही शर्त कबूल केली असती.

औरंगाबादच्या हौशी आकाशनिरीक्षकांनी सरांना दुर्बिणी पाठवल्या होत्या. त्यांतली एक, चार इंची, माझ्या वाट्याला आली. ती मांडीवर घेऊन मी एस.टी.नं गावी आणली. कंडक्टरनं विचारलं, "पाण्याच्या मोटरीचा पाइप हाय का?" मग रोज संध्याकाळी गच्चीवर सराव. दगड मला दिसणारच नव्हता, तो माझ्या दुर्बिणीला फार अंधूक होता. मला फक्त तो एक तारा ओळखायचा होता, आणि तो नुसत्या डोळ्यांनी न दिसणारा, शेकडो सारख्या ताऱ्यांमधला एक. पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांपासून निघायचं, एका छोट्या त्रिकोणाकडे यायचं, त्रिकोणाच्या टोकाशी एक वाकडी ओळ, आणि ओळीतला तिसरा. पहिल्या संध्याकाळी मला तो सापडलाच नाही. दुसऱ्या संध्याकाळी सापडला आणि दुर्बिणीला माझा पदर लागून निसटला. नकाशा बघायला बॅटरी लावली की डोळे दिपायचे आणि पुन्हा अंधाराला सरावायला बराच वेळ जायचा. सरांनी बॅटरीला लाल कागद लावायला सांगितलं होतं. आत्यानं मंडपाच्या झालरीचं लाल कापड दुहेरी करून बॅटरीच्या तोंडाला शिवूनच टाकलं. ती शेजारी पोतं अंथरून बसायची, नकाशावर बॅटरी धरायची आणि विचारायची, "सापडला का तुजा पावना?" आठवडाभरात मी डोळे मिटून दुर्बीण फिरवली तरी ती त्याच्याजवळ जाऊन थांबू लागली. आज माझ्या मुलाच्या फोनवर बोट ठेवलं की आकाशातल्या कुठल्याही ताऱ्याचं नाव येतं. चांगलंच आहे. पण तो वाकड्या ओळीतला तिसरा तारा मला अजूनही फोनशिवाय सापडतो.

आवाजाचा भाग रशीदचाचांनी उचलला. वेळ मोजायची पद्धत अशी होती: टेपरेकॉर्डर चालू ठेवायचा, शेजारी रेडिओ. रात्रीच्या बातम्यांआधी आकाशवाणीवर जे वेळेचे ठोके पडतात ते टेपवर घ्यायचे, आणि टेप न थांबवता दुर्बिणीला डोळा लावून बोलत राहायचं. तारा दिसतो आहे तोवर 'आहे, आहे'. विझला की 'गेला'. पुन्हा लागला की 'आला'. नंतर ठोक्यापासून शब्दापर्यंत मोजायचं. "नुसतं गप्प बसू नका," सरांनी बजावलं होतं. "तुम्ही गप्प असाल तर तारा होता की तुमचं लक्ष नव्हतं, हे मला टेपवरून कसं कळणार? तारा आहे, हेसुद्धा म्हणायचं." रशीदचाचांनी त्यांच्याकडचा सगळ्यात चांगला टेप काढला, त्याचं हेड पुसलं, नवे सेल घातले. "बेटी, सुई गिरी तो सुई की आवाज आयेगी इसमें."

ठरलेल्या दिवशी सकाळी मी कॉलेजात गेले. सरांनी सगळ्यांना शेवटचं समजावलं आणि प्रत्येकाला आपापल्या ठिकाणी पाठवलं. दुर्बीण नाना शाळेच्या मैदानावर आणून ठेवणार होते. तिथं गावाच्या दिव्यांचा उजेड पोचत नाही, म्हणून ती जागा आम्हीच निवडली होती. दिवस मावळता मावळता मी फाट्यावर एस.टी.तून उतरले आणि गाणी ऐकू आली. शाळेच्या दिशेनं आकाश पांढरं झालं होतं. मी पळत सुटले.

मैदानात मंडप उभा होता. साधा नाही, लग्नातला. चारी बाजूंनी कनाती, वर पांढरं-पिवळं छत, छताला झालरी, चार कोपऱ्यांत चार हॅलोजन, समोर व्यासपीठ, त्यावर सरपंचांची खुर्ची, दोन मोठे कर्णे, मागं धडधडणारा जनरेटर. आणि मंडपाच्या बरोबर मधोमध, गालिच्यावर, छताखाली, माझी दुर्बीण. तिला हार घातला होता.

नाना नवीन टोपी घालून समोर आले. त्यांचा चेहरा सगळा खुलला होता.

"कसं हाय?"

"नाना," मी म्हणाले, "आभाळ कुटं हाय?"

त्यांनी वर बघितलं. छत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

मी एका दमात सांगून टाकलं: छत काढा, हॅलोजन बंद करा, गाणी बंद करा, जनरेटर बंद करा, त्याच्या धडधडीनं दुर्बीण हलते. नानांचा चेहरा उतरत गेला. "आगं, गावाला आवतान दिलंय मी. लोकं जेवूनखाऊन यायले. अंधारात बसवू त्यायला? कार्यक्रम हाय का मयत?" मग आवाज खाली करून, "मयताला बी दिवा असतो, शोभे." मला रडू यायला लागलं होतं आणि मी ते येऊ देत नव्हते. तेवढ्यात रशीदचाचांनी कर्ण्याची वायर उपटली. गाणं मधेच तुटलं. "नाना," ते म्हणाले, "जिसकी शादी उसका मंडप. दुल्हन बोलती छत नको, तो छत निकालो."

"दुल्हन म्हणू नगा, चाचा, आज तरी," मी म्हणाले, आणि नाना हसले. एकदा हसले की नाना कामाला लागत. त्यांची कामावरची पोरं चढली, दोऱ्या सुटल्या, आणि बघता बघता पांढरं-पिवळं छत गुंडाळून खाली आलं. वर पुनर्वसूचे दोन तारे होते. कनाती मी तशाच ठेवायला सांगितल्या. रस्त्यावरच्या गाड्यांचा उजेड आणि वारा दोन्ही त्यांनी अडवले, आणि जिल्ह्यात त्या रात्री एवढी बंदोबस्तातली वेधशाळा दुसरी नसणार. शेवटी जनरेटर बंद झाला. भारनियमन होतंच. अंधार इतका एकदम आला की जमलेली पाच-पन्नास माणसं हळूहळू बोलू लागली, देवळात बोलतात तशी.

रेडिओचे ठोके टेपवर आले. मी तारा शोधला. वाकडी ओळ, तिसरा. स्थिर. मी 'आहे' म्हणायला सुरुवात केली. हळूहळू लय लागली. आहे. आहे. आहे. सरांनी दिलेली वेळ जवळ आली. मी पापणी लववायलाही घाबरत होते. एकाच ठिपक्यावर सगळं आयुष्य टांगून मी श्वास घेत होते आणि तोंडातून निघणारं प्रत्येक 'आहे' मला शर्तीत हरवत चाललं होतं. वेळ आली. आहे. वेळ गेली. आहे. मागं कुणीतरी कुजबुजलं, "काहून विझंना?" सरपंच खोकले. गणितातली जागा संपेपर्यंत मोजत राहायचं हे ठरलेलं होतं. आहे. आहे.

तेव्हा माझ्या कानाशी कुणीतरी वाकलं. तंबाखूचा वास आला. नाना होते.

"गेला म्हण," ते अगदी हळू म्हणाले. "दुर्बिणीला डोळा तुजाच हाय. गेला म्हण की, बाई."

मला एका क्षणात सगळं कळलं. शर्त त्यांनी घातली होती आणि ती मी जिंकावी असं त्यांना वाटत होतं. गावादेखत, सरपंचादेखत तारा विझला असता तर त्यांना मला नांदेडला पाठवायला कारण मिळालं असतं, कुणी विचारलं तर सांगायला. मान वळवून त्यांच्याकडे बघावंसं वाटलं. पण डोळा काढला तर मोजणी तुटली असती. तारा समोर होता.

"आहे," मी म्हणाले.

नाना बाजूला झाले. मी आणखी बराच वेळ मोजलं, ठरल्याप्रमाणे, आणि मग उभी राहून म्हणाले, "नाही गेला. आपल्या इथं नाही गेला." दोन-तीन लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं कार्यक्रम संपला की वाजवायच्या. कनातीपलीकडून कुणीतरी म्हणालं, "नाना, तुमचा दगड एस.टी.नं येऊन राहिला वाटतं, लेट हाय." हशा पिकला. नाना हसले नाहीत. त्यांनी दुर्बिणीचा हार काढला आणि खिशात घातला.

एस.टी.डी. बूथ अजून उघडा होता. सरांना फोन लावला. पलीकडे आरडाओरडा चालला होता. "शोभा! गोरेगाव मिळालं, हिंगोली मिळालं, कळमनुरीला पाच सेकंद! पाच! वसमतच्या पोराला तारा सापडलाच नाही. तुझं काय?"

"नाही गेला, सर."

"नक्की? ढग, दव, नजर हटली, काही?"

"नाही. सगळा वेळ 'आहे' म्हटलंय. टेपवर आहे."

"कळमनुरीला पाच आणि तुझ्याकडे शून्य?" ते जवळजवळ ओरडलेच. "अगं, टेप जपून ठेव! कुणाला हात लावू देऊ नकोस! मी येतो!" आणि फोन बंद. बूथवाला माझ्याकडे बघत होता. मी हरले होते आणि माझे सर आनंदानं ओरडले होते, आणि त्या आनंदाची ऊब मलाही लागली होती, लाज वाटावी इतकी.

घरी आईनं धपाटे केले होते, दही होतं. आत्यानं माझ्या पानात लोणी वाढलं, पुन्हा वाढलं. नाना शेवटी म्हणाले, "वसमतला निरोप देतो." मी "बरं" म्हणाले. शब्द मी दिला होता, आणि 'गेला' न म्हणण्याचं कारणही तेच होतं. एकीकडे खरं आणि दुसरीकडे सोयीचं, असं मला करता आलं नसतं.

रविवारी लोखंडे सर दुपारच्या जीपनं आले. हातात आलेखाच्या कागदाची गुंडाळी. आधी त्यांनी टेप मागितला. रशीदचाचांनी हौसेनं तो अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, आणि ओसरीवर, गल्लीला ऐकू जाईल असा माझा आवाज घुमला: आहे. आहे. आहे. सर हातातल्या घड्याळाकडे बघत मान डोलावत होते. मग कर्ण्यातून, एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणाइतकं स्पष्ट, आलं: "गेला म्हण की, बाई."

सरांनी मान वर केली. "हा कोण?"

आई पदरात तोंड लपवून आत गेली. आत्या म्हणाली, "हे आमचे नामदेवराव. शर्त लावणारे." नाना चप्पल शोधत होते, बाहेर जायला. तेवढ्यात टेपवर माझा आवाज पुन्हा आला: आहे. सरांनी टेप थांबवला आणि म्हणाले, "नाना, बसा. हे तुम्हीच बघायला पाहिजे."

त्यांनी कागद गालिच्यावर पसरला. वरती एक आखूड रेघ, गोरेगाव. तिच्याखाली लांब, हिंगोली. तिच्याखाली सगळ्यात लांब, कळमनुरी. आणि बरंच खाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटलेली रेघ. "ही डोंगरकडा. हिला मधे खंडच नाही." मग त्यांनी पेन्सिलीनं रेघांच्या टोकांवरून एक अंडाकृती काढली. ती कळमनुरीखाली फुगली आणि आमच्या रेघेला ओलांडून खाली गेली. "दगड असा पुरा अंड्यासारखा असता तर तुमच्या शाळेवर अडीच सेकंद अंधार पडला असता. पण पडला नाही. ही मुलगी पूर्ण वेळ सांगते आहे, तारा आहे." त्यांनी अंड्याचा खालचा भाग खोडला आणि कळमनुरीच्या रेघेखाली एक जवळजवळ सरळ कड ओढली. "म्हणजे दगडाची ही बाजू सपाट आहे. कधीतरी दुसरा खडक आपटून कपचा उडाला असेल. हे चमकेवरून कुणाला कळलं नव्हतं."

मी त्या सरळ रेघेकडे बघत होते. त्या क्षणाची धडधड मला आजही, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, मधेच जाणवते: कुणीही न पाहिलेली एका दगडाची कड, आणि ती आमच्या शाळेच्या मैदानाच्या उत्तरेला कुठेतरी.

नानांनी चपलेचा नाद सोडला. ते कागदावर वाकले, बोट ठेवलं. "आन् हिनं गेला म्हणलं असतं तर?"

"तर आम्ही हा कपचा दगडाला परत चिकटवला असता," सर म्हणाले. "आणि तसंच लिहून पाठवलं असतं."

ओसरीवर पाइपांच्या राशीत चिमण्या खडखडत होत्या. आत्यानं सरांना चहा दिला, सरांनी तो बशीत ओतला.

"सर," नाना म्हणाले, "आसे दगड आनखी हायेत?"

"लाखो. सावल्या कुठं ना कुठं पडतच असतात."

"मंग हे माप घेणारं माणूस एका जागी बसून चालत न्हाई."

"नाही. सावली जिथं पडेल तिथं जावं लागतं."

नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी कागदाची गुंडाळी केली, तिला सावकाश दोरा बांधला, आणि विचारलं, "नांदेडवरून जाती का कवा एखादी?"

सर हसले. "जाते की."

"मंग तिथं आपलं एक माणूस लागंलच," नाना म्हणाले.